तीन कड्या आणि ३१ मे १८८९ : एका लॉज टोकनाची तपासणी

नाण्यासारखं एक धातूचं टोकन. समोरच्या बाजूला एकमेकींत गुंफलेल्या तीन कड्या आणि त्या कड्यांत एफ, एल, टी ही अक्षरं. मागच्या बाजूला जॉन्सटाऊन, पेनसिल्व्हेनिया आणि त्याखाली ३१ मे १८८९. लॉजचं, म्हणजे बंधुसंस्थेच्या स्थानिक शाखेचं, नाव झिजून गेलेलं. काठालगत बनवणाऱ्याची बारीक अक्षरं, पण त्यातलं पिट्सबर्ग एवढंच लागतं आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एच नाही. रंग पितळी, व्यास ३१.८ मिलिमीटर, काठाची जाडी २ मिलिमीटर, वजन १३.२ ग्रॅम, डोक्यावर दोन मिलिमीटरचं भोक.

हा कुणा एका संग्रहातला नग नाही. अशा टोकनांवर जे नेहमी आढळतं ते एकत्र करून तपासणीसाठी मांडलेला नमुना आहे. त्याच्याभोवतीच्या तारखा, माणसं आणि त्या दिवशी धरण फुटून जॉन्सटाऊन बुडवणारा महापूर मात्र खरा. प्रश्न एकच आहे. ही तारीख नक्की कशाची? लॉज स्थापन झाल्याची, महापुराच्या दिवसांत प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तूची, की मागाहून काढलेल्या आठवणीची? या तीन उत्तरांत किमतीचा फरक मोठा आहे आणि इतिहासाचा त्याहून मोठा. विकणारा बहुधा मधलं उत्तर सांगतो. तारखेवरून ताकभात ओळखायची घाई इथेच अंगाशी येते.

आधी चिन्ह, मग तारीख

तीन कड्या म्हणजे इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ ऑड फेलोज ही बंधुसंस्था, सभासदांनी अडीअडचणीत एकमेकांना साथ द्यायची संघटना. तिन्ही अक्षरं मैत्री, प्रेम आणि सत्य या तीन इंग्रजी शब्दांची. अमेरिकेतल्या या संस्थेचा जन्म २६ एप्रिल १८१९ चा, बाल्टिमोरचा, संस्थापक थॉमस वाइल्डी. ही तारीख पाठच करून ठेवावी, कारण ऑड फेलोजच्या अनेक पदकांवर २६ एप्रिल असतो. तो वर्धापनदिन आहे, स्थानिक लॉजच्या स्थापनेशी त्याचा संबंध नाही.

कड्यांसोबत आणखी काय आहे तेही बघायचं. कबुतर, मधमाश्यांचं पोळं, चंद्रकोर आणि सात तारे असतील तर नग स्त्रियांच्या रिबेका शाखेचा. तंबू आणि आडव्या-तिडव्या धनगरी काठ्या असतील तर एन्कॅम्पमेंट या वरच्या शाखेचा. पी आणि एम ही अक्षरं मुकुट-तलवारीसोबत आली तर गणवेशधारी पेट्रिआर्क्स मिलिटंट, आणि ती शाखाच १८८५ ची असल्यामुळे त्याआधीची तारीख तिथे स्थापनेची असू शकत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा गुण्या आणि कंपास यांचा होतो. ते दिसले की लोक डोळे झाकून फ्रीमेसन, म्हणजे मेसन या दुसऱ्या प्रसिद्ध बंधुसंस्थेचा नग, म्हणतात. पण गुण्या-कंपासच्या मधोमध हातोडा धरलेला दंड असेल तर ती अमेरिकन मेकॅनिक्सची संस्था, तिचा मेसन लोकांशी काही संबंध नाही. पेनसिल्व्हेनियात या संस्थेचा जोर होता, तेव्हा या भागातल्या नगांवर ही चूक हमखास होते. जहाजाचा नांगर आणि ढाल, सोबत सी, एच, पी असेल तर एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन. तिचं पुढे काम पडणार आहे.

ही तारीख कोणत्या पंचांगातली?

आपल्याकडे शके, संवत आणि इसवी यांचा हिशेब लहानपणीच अंगवळणी पडतो, म्हणून मराठी वाचकाला हे सोपं जाईल. अमेरिकन लॉजेसचीही आपापली पंचांगं होती. साधा मेसन लॉज इसवी सनात ४००० मिळवतो, म्हणजे १८८९ चं ५८८९ होतं. मेसनांच्याच वरच्या शाखांत हिशेब वेगळा. रॉयल आर्च चॅप्टर ५३० मिळवतो, तिथे तेच वर्ष २४१९. त्यांच्यातल्याच कौन्सिलवाल्यांचे १००० जास्त, म्हणजे २८८९. नाइट्स टेम्प्लर उलट १११८ वजा करतात आणि ७७१ लिहितात. स्कॉटिश राइटमध्ये ३७६० मिळवायचे, शिवाय वर्ष सप्टेंबरच्या सुमारास बदलतं, म्हणून मे महिन्यातलं १८८९ हे ५६४९ होतं आणि डिसेंबरातलं ५६५०.

रेड मेन या संस्थेची तऱ्हा सर्वांत न्यारी. कोलंबसचं १४९२ हे त्यांचं पहिलं वर्ष, म्हणून इसवीतून १४९१ वजा करायचे आणि १८८९ ला ३९८ लिहायचं. महिन्यांना ते चंद्र म्हणतात, दिवसांना सूर्य. मे महिना म्हणजे फुलांचा चंद्र. त्यांच्या टोकनावर फुलांच्या चंद्राचा एकतिसावा सूर्य, ३९८ असं असेल तर ती आपलीच तारीख आहे. पण त्यावरचा ३९८ हा आकडा लॉज क्रमांक समजून बाजूला सारला गेल्याची शक्यता फार.

ऑड फेलोज सरळ इसवी सन वापरतात, त्यामुळे आपल्या नमुन्यापुरता हा अडथळा नाही. तरीही तारखेच्या आधी कुठला शब्द आहे हे भिंग लावून बघायचं. स्थापना दाखवणारा शब्द ऑड फेलोजमध्ये इन्स्टिट्यूटेड असा येतो, मेसन चॅप्टरच्या पेनीवर, म्हणजे सभासदाच्या टोकनावर, चार्टर्ड म्हणजे सनद मिळाली असा. सनद आणि प्रत्यक्ष स्थापना यांत काही महिन्यांचं अंतर असतं, कारण आधी तात्पुरत्या परवानगीवर काम सुरू होतं. आपल्या नमुन्यावर तारखेच्या आधी काहीच नाही, नुसती तारीख. ज्या दिवसाला ओळख लागत नाही, त्याचीच तारीख अशी उघडी लिहितात. पुणेकरांपुढे नुसतं १२ जुलै म्हणून बघा, पानशेत हा शब्द त्यांच्याच तोंडून येईल.

त्या शुक्रवारी काय झालं

जॉन्सटाऊन दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या खोबणीत वसलेलं पोलादी गाव. केंब्रिया आयर्न कंपनी हा त्याचा कणा. गावाच्या वर सुमारे २३ किलोमीटरवर साउथ फोर्कचं मातीचं धरण होतं, उंची २२ मीटर, लांबी २८४ मीटर. राज्य सरकारने ते कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधायला घेतलं १८३८ मध्ये आणि पुरं केलं १८५३ मध्ये. तोवर रेल्वे आली होती, कालवा निकामी झाला. १८५७ मध्ये सगळा कारभार पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गाकडे गेला. १८६२ मध्ये तळाच्या मोरीपाशी भराव खचला, पण तळं अर्धं रिकामं असल्यामुळे खाली फार हानी झाली नाही.

पुढच्या प्रकाराला दुर्दैव म्हणता येणार नाही. १८७५ मध्ये धरण ज्याच्या मालकीचं झालं, त्या जॉन रायलीने तळाचे बिडाचे पाच निचरा नळ काढून भंगारात विकले. प्रत्येक नळ दोन फूट व्यासाचा होता. हे नळ गेले आणि तळ्यातलं पाणी मुद्दाम उतरवायचा मार्गच संपला. १८७९ मध्ये बेंजामिन रफ याने जागा घेतली आणि तिथे साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब उभा राहिला. पिट्सबर्गचे धनिक सभासद झाले, अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन हे त्यांतलेच. १८६२ ची खिंड दगड, माती, फांद्या, गवत आणि शेण टाकून बुजवली. माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून धरणमाथा कापून खाली आणला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावरच्या पुलाखाली जाळ्या बसवल्या.

मातीच्या धरणाचं एक गणित कुठलाही पाटबंधारेवाला सांगेल. माती कालांतराने बसते, म्हणून मधला माथा बाजूंपेक्षा थोडा उंच ठेवतात. पाणी माथ्यावरून गेलंच तर मध्यातून जाता कामा नये, कारण तिथे भराव सर्वांत उंच आणि खालच्या उतारावर धूप सर्वांत जोरात. इथे नेमकं उलट झालं होतं, बुजवलेला मधला भाग खचून बाजूंपेक्षा खाली आला होता. माथा उतरवला की सांडव्यातून वाहू शकणाऱ्या पाण्याची उंची तेवढी कमी होते, आणि सांडव्याचं वहन उंचीच्या साध्या प्रमाणात घटत नाही, उंचीच्या दीडाव्या घाताने, म्हणजे जास्त वेगाने घटतं. दोन-तीन फुटांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पाण्यात दिसत नाही. केंब्रिया कंपनीचे डॅनियल मॉरेल यांनी आपला माणूस जॉन फुल्टन याला १८८० मध्ये पाहणीला पाठवलं. निचरा नळ नाहीत आणि दुरुस्ती कच्ची आहे, हेच त्याने कळवलं. क्लबने ते मनावर घेतलं नाही.

३० मेच्या रात्री पाऊस कोसळायला लागला, २४ तासांत सहा ते दहा इंच. सकाळी क्लबचे अध्यक्ष कर्नल एलायस उंगर यांनी माणसं कामाला लावली. माथ्यावर नांगराने मातीचा बांध ओढायचा प्रयत्न झाला, पश्चिमेला दुसरा सांडवा खणायला घेतला, पण खाली कठीण जमीन लागली. जाळ्यांत पाला-लाकडं अडकून सांडवा तुंबला. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावात गेला आणि तारेने इशारा पाठवायला सांगितलं. इशारे खाली पोचलेही, पण दरवर्षी पावसाळी दिवसांत धरण फुटणार म्हणून हाकाटी व्हायची, कुणी हललं नाही. लांडगा आला रे आला, आणि या वेळी खरंच आला. दुपारी तीनच्या सुमारास मधला भाग गेला.

सुमारे १ कोटी ४५ लाख घनमीटर पाणी दरीत उतरलं. वाटेत त्याने रेल्वेचा उंच दगडी पूल पाडला, ईस्ट कोनेमॉच्या यार्डातली इंजिनं उचलली, वुडव्हेलमधल्या गॉटिअर तारेच्या कारखान्यातून मैलोगणती काटेरी तार सोबत घेतली. चार वाजून सात मिनिटांच्या सुमारास ते जॉन्सटाऊनवर आलं तेव्हा ते पाणी राहिलंच नव्हतं. लाकूड, लोखंड, घरं, तार आणि माणसं यांची चालती भिंत होती ती. गावाच्या खालच्या टोकाला रेल्वेचा सात कमानींचा दगडी पूल टिकला आणि सगळा ढिगारा त्याला अडला. संध्याकाळी त्या ढिगाऱ्याने पेट घेतला. एकूण मृत २२०९. नव्याण्णव कुटुंबं एकही माणूस न उरता गेली. साडेसातशेहून अधिक मृतदेहांची ओळख कधीच पटली नाही.

जबाबदारीबद्दल थोडक्यात. कुठल्याही न्यायालयाने क्लबकडून भरपाई वसूल करून दिली नाही, सगळं देवाच्या करणीवर गेलं. अभियंत्यांच्या संघटनेच्या समितीचा अहवाल १८९१ मध्ये आला आणि माथा मुळाइतका उंच असता तरी धरण टिकलं नसतं, असा त्याचा सूर होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जलशास्त्रीय अभ्यासाने हे म्हणणं खोडून काढलं. माथा उतरवल्याने सांडव्यांची क्षमता साधारण निम्म्यावर आली होती, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या मते हा दुसरा हिशेब जास्त पटणारा आहे, कारण तो धरणाच्या उरलेल्या अवशेषांच्या प्रत्यक्ष मोजणीवर उभा आहे.

तीन कड्यांचा आणि पुराचा खरा दुवा

आल्मा हॉल ही इमारत आजही मेन स्ट्रीटवर उभी आहे. चार मजली, ऑड फेलोजची. लाट फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या दगडी मेथडिस्ट चर्चवर आदळून दुभंगली आणि त्या आडोशाला आल्मा हॉल वाचला. त्या रात्री २६४ माणसं तिच्यात होती. जेम्स वॉल्टर्स नावाचे वकील पुरात वाहत आले आणि थेट आल्मा हॉलमधल्या स्वतःच्याच कार्यालयाच्या खिडकीतून आत पडले. त्यांनाच त्या रात्रीचा प्रमुख निवडलं. प्रेस्बिटेरियन धर्मगुरू डेव्हिड बील तिथेच होते. डॉक्टर विल्यम मॅथ्यूज स्वतःच्या दोन बरगड्या मोडलेल्या असताना रात्रभर जखमी बघत होते. नियम दोनच, पण कडक. काडी पेटवायची नाही, कारण नैसर्गिक वायूच्या नळ्या तुटल्या असण्याची भीती होती. आणि दारू कुणाला द्यायची नाही. त्या अंधारात दोन मुलं जन्मली.

म्हणून जॉन्सटाऊन, तीन कड्या आणि ३१ मे एकाच धातूवर आले तर तो योगायोग म्हणून सोडायचा नाही. पण म्हणून तो नग त्या रात्रीचा ठरतो असंही नाही.

लॉजला अशा नगांचं एवढं अगत्य का, हे समजायला त्यांचा पैशाचा व्यवहार बघावा लागतो. आजारी सभासदाला आठवड्याचा भत्ता, मेला तर अंत्यविधी, मागे राहिलेल्या विधवेला-पोरांना आधार, हे ऑड फेलोजचं घोषित काम. वर्कमेन या संस्थेने तर १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातच, मीडव्हिल गावी, विम्याचा साधा प्रकार काढला. सभासद मेला की बाकी प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि वारसाला ठरलेली रक्कम मिळायची. उदाहरणादाखल हजार सभासदांचा एक गट धरू. वर्षात दहा जण गेले तर प्रत्येकाला दहा डॉलर भरावे लागतात, जमतं. एकाच दुपारी त्यातले साठ गेले तर त्याच महिन्यात साठ मागण्या, आणि त्या देणाऱ्यांची घरं, कारखाना, पगार हे सगळं त्याच पाण्यात. गावापुरता हिशेब इथेच कोसळतो. पैसा बाहेरूनच यावा लागतो, राज्यभरातल्या आणि देशभरातल्या लॉजेसकडून. क्लबने भरपाई दिली नाही आणि कोर्टाने ती मिळवून दिली नाही, म्हणून देणग्या आणि अशा वर्गण्या यांवरच लोक उभे राहिले. पुढच्या वर्षांत लॉजने मेळाव्याला या तारखेचं टोकन पाडलं, तर त्यामागे हा ऋणानुबंध असतो.

आता तीन उत्तरांपैकी कोणतं?

स्थापनेची तारीख हे पहिलं उत्तर. ते इथे जवळपास बाद होतं. त्या शुक्रवारी दुपारपासूनच गावात गुडघाभर ते कमरेएवढं पाणी होतं, चार वाजता गावच नव्हतं. त्या दिवशी जॉन्सटाऊनमध्ये नवीन लॉजचा स्थापनाविधी झाला हे मानायला भक्कम कागद लागेल. मात्र गावाचं नाव बदललं की निष्कर्षही उलटतो. ओहायोतल्या किंवा कॅन्ससमधल्या लॉजच्या टोकनावर हीच तारीख असेल तर तो तिथला एक साधा शुक्रवार आहे, तिथे सनदेचीच शक्यता आधी धरायची. आपत्ती शोधत बसलं की कुठल्याही तारखेला ती सापडते.

दुसरं उत्तर, पुराच्या दिवसांत वापरलेली वस्तू. हे विकणाऱ्यांचं लाडकं उत्तर. पण जून १८८९ च्या जॉन्सटाऊनमध्ये टाकसाळीचे दाब आणि कोरलेले साचे नव्हते. बंदोबस्तासाठी नेमलेल्या माणसांना ढिगाऱ्यातल्या डब्यांच्या पत्र्यातून तारे कापून लावले होते. घाईत केलेली वस्तू अशी दिसते, कात्रीने कापलेली आणि खिळ्याने भोक पाडलेली. दोन्ही बाजूंनी नीट ठसा उमटलेलं, गोल काठाचं पितळी टोकन पाडायला आधी साचा कोरावा लागतो, त्यालाच काही आठवडे जातात. शिवाय आपत्ती चालू असताना तिची एकच तारीख कुणी लिहीत नाही. एका दिवसाचं नाव पडतं ते सगळं निवल्यावर.

उरलं तिसरं, मागाहून काढलेली आठवण. पण कधी? इथे धातू आणि अक्षरं बोलतात.

घनता काढणं घरीही जमतं, फक्त सोनाराचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. कोरडं वजन घ्या, इथे १३.२. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. टोकन बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. काटा जो आकडा दाखवेल तो विस्थापित पाण्याचा, इथे १.५५. भागाकार ८.५, म्हणजे पितळ. ब्राँझ ८.८ च्या आसपास येईल, कथिलाचा पांढरा धातू ७.३, ॲल्युमिनियम २.७. हेच टोकन ॲल्युमिनियमचं असतं तर जेमतेम सव्वाचार ग्रॅम भरलं असतं. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा वापरला तर १.५५ चं तो १ दाखवेल किंवा २, आणि घनता १३ तरी येईल नाहीतर साडेसहा. त्यावर भांडत बसणारे लोक आहेत.

ॲल्युमिनियम असतं तर काळ ठरवणं सोपं झालं असतं. स्वस्त ॲल्युमिनियमचा उद्योग १८८८ मध्ये खुद्द पिट्सबर्गमध्ये सुरू झाला, पण त्याची टोकनं सर्रास झाली ती १८९० च्या दशकात. सेल्युलॉइडचं आवरण आणि मागे टाचणी असलेला गोल बिल्ला असेल तर तो १८९६ नंतरचा, मग समोर कुठलीही तारीख असो. पितळ मात्र सदाबहार आहे, ते काही सांगत नाही.

सांगतो तो गायब झालेला एच. पिट्सबर्ग शहराच्या इंग्रजी नावातला शेवटचा एच १८९१ मध्ये केंद्रीय भौगोलिक नावं ठरवणाऱ्या मंडळाने काढला आणि १९११ मध्ये परत दिला. आधीही काही लोक एच गाळत आणि मधल्या काळात काही हट्टाने लिहीत, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नाही. पण उद्योगधंद्याच्या ठशावर, पत्त्यासारखा लिहिलेला असेल तर १८९१ ते १९११ हा काळ आधी धरावा. त्या काळात निमित्तंही बसतात. ३१ मे १८९२ ला ग्रँडव्ह्यू स्मशानभूमीत अनोळखी मृतांच्या जागेवर स्मारकाचं अनावरण झालं, १८९९ मध्ये दहा वर्षं झाली, १९०९ मध्ये वीस. यांपैकी नेमकं कोणतं, हे टोकन एकटं सांगणार नाही. त्यासाठी लॉजचं नाव वाचावं लागेल.

झिजलेलं नाव वाचायचं तर टोकन घासायचं नाही. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा टेबलाच्या जवळजवळ पातळीला ठेवा आणि दर तीस अंशांनी फिरवून बारा फोटो काढा. उथळ अक्षराची सावली एखाद्याच कोनात पडते. एकदा लॉज क्रमांक मिळाला की राज्याच्या ग्रँड लॉजची, म्हणजे सगळ्या स्थानिक लॉजेसच्या वरच्या मंडळाची, वार्षिक कार्यवृत्तं बघायची. त्यांत प्रत्येक लॉजचं गाव, स्थापनेचं वर्ष, सभासदसंख्या आणि आर्थिक मदतीच्या नोंदी असतात. एका वर्षात सभासदसंख्या एकदम खाली आली आणि मृतांचा रकाना फुगला असेल, तर त्या लॉजचं पुराशी नातं कागदावरच सापडलं.

घोटाळ्याच्या जागा

३० मे १८८९ असलेला बिल्ला पुराचा नव्हे. तो दिवस शहिदांच्या स्मरणाचा होता, यादवी युद्धातल्या माजी सैनिकांच्या संघटनेची मिरवणूक त्या दिवशी जॉन्सटाऊनमध्ये निघाली होती. एका दिवसाचा फरक, पण वस्तू वेगळीच.

जॉन्सटाऊन आणि पूर एवढंच असेल आणि वर्ष झिजलेलं असेल तर सावध राहा. गाव १७ मार्च १९३६ ला आणि जुलै १९७७ मध्येही बुडालं. १९८९ मध्ये मोठ्या पुराची शताब्दी झाली, तेव्हाच्या स्मरणवस्तूंवरही १८८९ असतंच. त्यांचा काठ धारदार, पृष्ठभाग यंत्राने घासल्यासारखा सपाट आणि मळ फक्त अक्षरांच्या खाचांत, मुद्दाम चोळल्यासारखा दिसतो.

पुराच्या गाळातून निघालेलं म्हणून विकलं जाणारं टोकन चकचकीत असेल तर विचारायची गरजच नाही. गाळात पडलेल्या पितळेतून जस्त झिरपून जातं आणि ठिकठिकाणी तांबूस डाग पडतात, काठ खडबडीत होतो. दगडी पुलाच्या आगीत सापडलेला नग तर वाकडा किंवा अर्धवट वितळलेला असायला हवा.

साचा मारून पाडलेलं टोकन आणि ओतीव नक्कल यांचा फरक काठावर कळतो. ओतीव नगाला काठाभोवती जोडाची रेघ किंवा ती घासल्याच्या कानशीच्या खुणा असतात, आणि भिंगाखाली सपाट भागात बारीक खड्डे. भोकाकडेही बघा. मूळचं भोक असेल तर भोवतालची अक्षरं त्याला जागा सोडतात. मागाहून पाडलेलं असेल तर ते एखादं अक्षर कापतं. आपल्या नमुन्यात अक्षरं बाजूला सरलेली आहेत, म्हणजे ते फितीला किंवा घड्याळाच्या साखळीला अडकवण्यासाठीच पाडलं होतं.

फीत शिल्लक असेल तर उलटून बघाच. लॉजच्या फितींना दोन बाजू असत, एक रंगीत, मिरवणुकीची, आणि दुसरी काळी, चंदेरी अक्षरांची, सभासदाच्या अंत्ययात्रेची. काळी बाजू जास्त विटलेली असेल तर ती फीत बऱ्याच अंत्ययात्रांना गेलेली आहे.

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नका. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून, मऊ कापडाने टिपून, पूर्ण वाळवायचं, एवढंच. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो क्षारांचा विकार आहे, तो नग बाकीच्यांपासून वेगळा आणि कोरडा ठेवायचा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवला तर काही वर्षांत हिरवा चिकट थर चढतो. पॉलिएस्टरच्या कडक पाकिटात किंवा आम्लरहित कागदात ठेवा.

चिठ्ठीवर काय लिहायचं

नोंदचिठ्ठी अशी असावी: इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ ऑड फेलोज, जॉन्सटाऊन, पेनसिल्व्हेनिया. लॉज अवाचनीय. पितळ, साच्याने पाडलेलं, ३१.८ मिमी, १३.२ ग्रॅम, घनता ८.५, मूळ भोक. नगावरील तारीख ३१ मे १८८९, महापुराची, स्थापनेची नव्हे. निर्मिती बहुधा १८९१ ते १९११, आधार: ठशावरील पिट्सबर्गचं स्पेलिंग. निमित्त अनिश्चित.

नगावरची तारीख आणि निर्मितीची तारीख हे दोन रकाने कायम वेगळे ठेवायचे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पाकिटात उतरते, आणि पुढच्याला लॉजचं नाव वाचता आलं तर त्याला खोडता आलं पाहिजे.